नवा कम्प्युटर भरायच्या आधी: डिस्कचे भाग कसे पाडायचे, बॅकअप कसा लावायचा

"माझं सगळं डीमध्ये आहे, काळजी नाही." नांदेड असो, परभणी असो की अंबाजोगाई, कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात तासभर बसलात तर हे वाक्य कानावर पडतंच. लग्नाचे फोटो सांभाळणारा स्टुडिओवाला म्हणतो, सेवा केंद्र चालवणारा म्हणतो, शाळेचं काम घरी आणणारे गुरुजी म्हणतात. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग आहेत, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं. माळवदाच्या घरात मधे भिंत घालून दोन खोल्या केल्या तरी वरचं माळवद एकच असतं. ते खाली आलं की कुठलं सामान कुठल्या खोलीत होतं, याला काही अर्थ उरत नाही.

मग डी ड्राइव्ह करायचाच कशाला? विंडोज बिघडली आणि नव्याने टाकायची वेळ आली, तर सी पुसला जातो आणि डी जागेवर राहतो, म्हणून. आपल्याकडे बहुतेक दुखण्यांवर "फॉरमॅट मारून देतो" हाच पहिला उपाय असतो, त्यामुळे हा फायदा छोटा नाही. पण डिस्क स्वतः गेली, लॅपटॉप चोरीला गेला, विजेचा झटका बसला, तर डी काहीही वाचवत नाही. त्यासाठी बॅकअप, म्हणजे फाइलींची वेगळी नक्कल, लागतो आणि तो दुसऱ्या डिस्कवरच असावा लागतो.

दोन्ही कामं मशीन घरी आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत करून घ्यावीत. तेव्हा डिस्क रिकामी असते आणि काही चुकलंच तर जाण्यासारखं तिच्यावर काही नसतं. खाली सगळं ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने लिहिलंय. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आता दुकानात जे विंडोजचं मशीन मिळतं ते बहुतेक विंडोज ११ चंच. त्यामुळे पायऱ्याही त्याच्याच दिल्या आहेत.

मशीनसोबत काय घ्यायचं

लॅपटॉपचं बजेट ठरवतानाच त्यात दोन वस्तू धरा: बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क आणि ३२ जीबीचा एक कोरा पेनड्राइव्ह. हार्ड डिस्क आतल्या डिस्कच्या किमान दुप्पट असावी. म्हणजे लॅपटॉपमध्ये ५१२ जीबी असेल तर बाहेरची १ टीबी, आत १ टीबी असेल तर बाहेरची २ टीबी. बॅगेवर, माउसवर आणि स्क्रीनगार्डवर होणारा खर्च इकडे वळवला तरी बराचसा भागतो. डेस्कटॉप घेत असाल तर यूपीएस हवाच. डिस्कचे भाग पाडण्याचं काम चालू असताना वीज गेली, तर त्याच क्षणी डिस्कवरची नोंद अर्धवट राहू शकते. लाइट कधी जाईल याचा भरवसा आपल्याकडे कुणाला आहे?

आणखी एक गोष्ट दुकानातच सांगून ठेवा. विंडोजची सुरुवातीची मांडणी दुकानदाराच्या ईमेल खात्यावर किंवा वेळ निभावून नेण्यासाठी काढलेल्या खात्यावर करू देऊ नका. डबा बंद आणा, नाहीतर तिथे बसून तुमचं स्वतःचं मायक्रोसॉफ्ट खातं टाका. हे इतकं आग्रहाने का सांगतोय, ते आता येतंच.

आधी ४८ आकडी किल्ली शोधा

नव्या लॅपटॉपमध्ये विंडोज ११ अनेकदा डिस्क आपोआप कुलूपबंद करते. याला डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर म्हणतात. रोजच्या वापरात त्याचा पत्ताही लागत नाही, कारण मशीन स्वतःच कुलूप उघडतं. पण मदरबोर्ड बदलला, बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) काही बदल झाला किंवा डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, की निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डिस्क ठणठणीत असूनही आतलं काहीच उघडत नाही. दुकानदार नाही, कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही, खुद्द मायक्रोसॉफ्टही ती उघडून देऊ शकत नाही.

मशीन पहिल्यांदा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलं, त्या खात्यात ही की साठवलेली असते. खातं दुकानातल्या मुलाने काढलेलं असेल आणि पासवर्ड त्यालाही आठवत नसेल, तर तुमच्या डेटाची किल्ली तुमच्या हातात नाही, एवढा साधा त्याचा अर्थ आहे.

म्हणून सेटिंग्ज उघडा, प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये जा आणि डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का पाहा. ते पान दिसत नसेल तर स्टार्टमध्ये बिटलॉकर शोधा. चालू असेल तर ब्राउझरवर मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगइन करून आपल्या डिव्हाइसच्या नावाखाली रिकव्हरी की बघा आणि ती कागदावर उतरवून घ्या. प्रिंट काढली तर उत्तम. तो कागद घराच्या उताऱ्याच्या आणि बँकेच्या कागदांच्या फाइलीत ठेवा. त्याच लॅपटॉपमध्ये ठेवलेल्या कीचा उपयोग नाही.

एन्क्रिप्शन बंद करून टाकावं का? लॅपटॉप घेऊन बसने ये-जा करत असाल, त्यात लोकांची आधार कार्डं, बँकेचे तपशील असतील, तर चालूच ठेवा. चोरी झाली तरी चोराच्या हाती माहिती लागणार नाही. सेवा केंद्रवाल्यांनी तर बंद करूच नये, त्यांच्या मशीनवर अख्ख्या गावाची कागदपत्रं असतात. घरात एका जागी बसलेल्या, फक्त मुलांच्या अभ्यासाच्या डेस्कटॉपवर ते बंद केलं तर बिघडत नाही.

पेनड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्ह

विंडोजचे सगळे अपडेट एकदा होऊ द्या, मशीन रीस्टार्ट करा. मग स्टार्टमध्ये 'रिकव्हरी ड्राइव्ह' असं शोधलं की तो पेनड्राइव्ह बनवण्याचा छोटा प्रोग्राम सापडतो. सिस्टिम फाइल्स कॉपी करण्याच्या चौकोनातली खूण तशीच राहू द्या, पेनड्राइव्ह निवडा आणि चालू करा. पेनड्राइव्हवर आधी जे असेल ते पुसलं जातं. या कामाला तास-दीड तासही लागू शकतो, लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा.

मशीन सुरूच होईनासं झालं तर याच पेनड्राइव्हवरून ते उठवता येतं. त्यावर मशीनचं नाव आणि तारीख लिहून ठेवा आणि तो पुन्हा गाणी भरायला वापरू नका.

रिकाम्या मशीनची एक प्रतिमा

भाग पाडण्याआधी, सगळं सुरळीत आहे तेव्हाच, अख्ख्या डिस्कची एक प्रतिमा, म्हणजे विंडोजसकट हुबेहूब नक्कल, काढून ठेवावी असं माझं मत आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)' नावाची जुनी सोय अजून आहे. नाव जुनं असलं तरी ती विंडोज ११ मध्ये चालते. डावीकडे 'क्रिएट अ सिस्टिम इमेज' असतं. बाहेरची हार्ड डिस्क निवडा आणि पुढे चला. ती डिस्क एनटीएफएस या (विंडोजच्या फाइली मांडायच्या) पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी लागते. नव्या डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहिल्या की पद्धत कळते. एक्सफॅट असेल तर ती रिकामी असतानाच एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून घ्या.

मायक्रोसॉफ्टने या सोयीकडे लक्ष देणं बरंच आधी सोडलंय आणि इतर प्रोग्राम वापरा असं सुचवलंय. रेस्क्यूझिला हा त्यातला मोफत आणि समजायला सोपा पर्याय, पेनड्राइव्हवरून सुरू होणारा. मात्र डिस्क कुलूपबंद असेल तर बाहेरून आलेल्या प्रोग्रामला आतलं काही वाचता येत नाही, तो रिकाम्या जागेसकट सगळी डिस्क जशीच्या तशी उतरवतो आणि प्रतिमा फार मोठी होते. एन्क्रिप्शन चालू ठेवणाऱ्यांना विंडोजच्या आतून काढलेली प्रतिमा बरी पडते. फक्त ही प्रतिमा कुलूपबंद नसते, तेव्हा ती डिस्क कपाटात किल्लीखाली ठेवा.

भाग किती आणि केवढे

एकेकाळी सी, डी, ई, एफ असे चार ड्राइव्ह करून देण्याची पद्धत होती. काही दुकानांत ती अजून चालू आहे. मला ती पटत नाही. एकात जागा संपते, दुसऱ्यात पडून राहते, आणि वापरणारा वर्षभर फाइली इकडून तिकडे हलवत बसतो.

२५६ जीबीची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) असेल तर भाग पाडूच नका. त्यातले सुमारे २३८ जीबी दिसतात. विंडोज, अपडेट, प्रोग्राम आणि मोबाइलमधून आलेले फोटो यांनी सी भरायला वेळ लागत नाही. अशा मशीनवर सगळं सीमध्ये ठेवा आणि बॅकअप काटेकोर घ्या. ५१२ जीबी असेल तर सीला २०० ते २२५ आणि बाकी डीला. १ टीबी असेल तर सीला ३०० आणि बाकी डीला. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी सी आणखी थोडा मोठा ठेवावा, कारण एडिटिंगचे प्रोग्राम तात्पुरत्या फाइलींनी सी फुगवतात.

५१२ च्या जागी ४७६ दिसले म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, म्हणून आकडा कमी दिसतो. १ टीबीचे ९३१ दिसतात, तेही याच हिशेबाने.

सी किती ठेवायचा याचा विचार आत्ताच का, तेही सांगतो. नंतर सी वाढवायचा झाला तर त्याच्या लगेच उजवीकडे मोकळी जागा असावी लागते. उजवीकडे डी बसलेला असतो. म्हणजे डी अख्खा रिकामा करून, पुसून मगच सी वाढवता येतो. डीच सरकवून देणारे प्रोग्राम मिळतात, पण भरलेली डिस्क सरकवणं हे जोखमीचं काम आहे. त्यापेक्षा सुरुवातीलाच सी सैल ठेवलेला चांगला.

भाग पाडण्याचं काम

विंडोज की आणि एक्स एकदम दाबा. यादीतून डिस्क मॅनेजमेंट निवडा. खाली आडव्या पट्टीत तुमची डिस्क दिसेल. डावीकडे ईएफआय नावाचा १०० किंवा २६० एमबीचा लहान तुकडा, मग मोठा सी, आणि उजवीकडे रिकव्हरी नावाचे एक-दोन तुकडे. काही कंपन्या स्वतःचा १५-२० जीबीचा तुकडाही ठेवतात. मशीन सुरू होणं आणि दुरुस्त होणं या लहान तुकड्यांवर अवलंबून असतं. थोडी जागा वाढेल म्हणून ते उडवायचा मोह होतो, पण त्यांना हात लावू नका.

१. चार्जर लावा. उघडे प्रोग्राम बंद करा.

२. सीवर राइट क्लिक करा, 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडा. थोडा वेळ मोजणी चालते.

३. एक खिडकी येते. त्यात किती एमबी कमी करायचे ते विचारलेलं असतं. बहुतेकांची चूक इथेच होते. सी किती ठेवायचा तो आकडा इथे लिहायचा नाही, सीमधून किती काढायचं तो लिहायचा. डीला २५० जीबी हवे असतील तर २५० गुणिले १०२४, म्हणजे २५६००० लिहा. खाली सीचा उरणारा आकडा दिसतो, तो वाचून खात्री करा आणि श्रिंक दाबा.

४. सीच्या उजवीकडे काळ्या पट्टीची 'अनअलोकेटेड' जागा तयार होते. तिच्यावर राइट क्लिक करून 'न्यू सिम्पल व्हॉल्यूम' निवडा.

५. पुढच्या खिडक्यांत आकार आहे तसाच ठेवा, अक्षर डी घ्या (डी आधीच कुणी घेतला असेल तर जे मिळेल ते), पद्धत एनटीएफएस, नावाच्या जागी 'काम' किंवा 'डेटा' असं काही, आणि क्विक फॉरमॅटवर खूण. फिनिश.

एवढं दहा मिनिटांत होतं. अडचण बहुधा तिसऱ्या पायरीवर येते: सीमध्ये चारशे जीबी मोकळे असूनही विंडोज म्हणते की फक्त ४०-५० जीबीच कमी करता येतील. याचं कारण काही फाइली डिस्कच्या मध्यावर बसलेल्या असतात आणि विंडोज चालू असताना त्या हलत नाहीत. हायबरनेशनची (मशीन झोपवताना चालू काम साठवणारी) फाइल, पेजफाइल (व्हर्च्युअल मेमरीची फाइल) आणि रिस्टोअर पॉइंट (विंडोजच्या मागच्या अवस्थेच्या नोंदी) या त्यातल्या मुख्य. उपाय असा: टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) ॲडमिन म्हणून उघडून पॉवरसीएफजी, एक जागा सोडून स्लॅश एच, पुन्हा जागा सोडून ऑफ, असं इंग्रजी अक्षरांत (powercfg /h off) टाइप करून एंटर दाबा. मग स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधून त्या खिडकीत सीचं सिस्टिम प्रोटेक्शन बंद करा. त्याच खिडकीच्या ॲडव्हान्स्ड भागात परफॉर्मन्स सेटिंग्जमधून व्हर्च्युअल मेमरी तात्पुरती काढा. रीस्टार्ट करून पुन्हा श्रिंक करून बघा. काम झालं की तिन्ही गोष्टी परत चालू करायला विसरू नका. हायबरनेशनसाठी ऑफच्या जागी ऑन.

जुन्या पद्धतीच्या डिस्कवर काम करताना कधी 'ही डिस्क डायनॅमिक होईल' असा इशारा येतो. तिथे नो दाबा आणि थांबा. भागांची नोंद ठेवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीत चारच मुख्य भाग बसतात आणि २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. नवी मशीन जीपीटी पद्धतीची असतात, त्यांत हा प्रश्न येत नाही.

डेस्कटॉपमध्ये एसएसडीच्या जोडीला वेगळी मोठी हार्ड डिस्क बसवून घेतली असेल तर एसएसडीचे भाग पाडायची गरजच नाही. ती मोठी डिस्क दिसत नाही म्हणून लोक दुकानात परत घेऊन येतात. ती फक्त सुरू करायची असते: डिस्क मॅनेजमेंट उघडलं की 'इनिशियलाइज' विचारतं, जीपीटी निवडा, मग वरच्या चौथ्या-पाचव्या पायरीप्रमाणे एकच मोठा भाग करा. याच डिस्कवर कामाच्या फाइली ठेवता येतील. पण सीमधल्या फाइलींची तिच्यावर काढलेली नक्कल हा पुरेसा बॅकअप नव्हे. दोन्ही डिस्क एकाच डब्यात, एकाच पॉवर सप्लायवर असतात, वीज पडली तर दोन्ही जाऊ शकतात.

फाइली डीवर राहतील असं करा

डी तयार झाला तरी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर सीवरच असतात. म्हणून डीवर आधी वेगवेगळे फोल्डर तयार करा, मग डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, असं करत त्या-त्या फोल्डरची जागा दाखवा. थेट डी ड्राइव्ह दाखवू नका. तसं केलं तर अख्खा डीच 'डॉक्युमेंट्स' होऊन बसतो आणि ते निस्तरणं फार किचकट असतं.

त्याआधी वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण, बघा. नव्या मशीनवर ते बरेचदा न विचारता डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ताब्यात घेतं. मोफत जागा ५ जीबी, ती भरली की निरोप यायला लागतात. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन या फोल्डरचा बॅकअप थांबवा आणि मगच जागा बदला.

टॅली हा हिशेबाचा प्रोग्राम वापरणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. टॅली प्राइमचा डेटा सहसा सी ड्राइव्हवर यूजर्समधल्या पब्लिक फोल्डरात असतो. तिथपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही आणि फॉरमॅटमध्ये वर्षाचे हिशेब जातात. डेटाची जागा टॅलीच्या सेटिंगमधून डीवर न्या, शिवाय आल्ट आणि वाय दाबून येणाऱ्या डेटाच्या यादीतून रोज बॅकअप घ्या.

डीटीपीवाल्यांचं, म्हणजे छपाईचा मजकूर जुळवणाऱ्यांचं, वेगळंच आहे. पत्रिका, परिपत्रकं, स्मरणिका यांच्या जुन्या फाइली ज्या फॉन्टमध्ये आहेत, ते फॉन्ट नसतील तर फाइल असूनही वाचता येत नाही. युनिकोडच्या आधीचे फॉन्ट आज नव्याने मिळवणं जिकिरीचं असतं. तेव्हा विंडोजमधल्या फॉन्ट्स फोल्डरची नक्कल आणि श्रीलिपीसारख्या प्रोग्रामची सेटअप फाइल, लायसन्सचे तपशील, हे सगळं बॅकअपमध्ये पाहिजे.

बॅकअप: काय, कुठे, किती वेळा

तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. जगभर बॅकअपसाठी हाच हिशेब सांगितला जातो. आपल्याकडे तो असा बसवता येईल: पहिली प्रत मशीनवर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी इंटरनेटवर किंवा दुसऱ्या गावी असलेल्या दुसऱ्या डिस्कवर.

घराबाहेरची प्रत ही कुणाला हौस वाटेल. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट किल्लारी आणि आसपासच्या गावांनी पाहिली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीडकडच्या कितीतरी घरांत पुराचं पाणी शिरलं. अशा वेळी लॅपटॉप आणि त्याच कपाटातली हार्ड डिस्क दोन्ही जातात. संभाजीनगरला राहणाऱ्याने एक डिस्क गावाकडच्या घरी ठेवावी, गावात राहणाऱ्याने लातूरला शिकणाऱ्या मुलाकडे किंवा बहिणीकडे. दिवाळीला, उन्हाळ्याच्या सुट्टीत येणं-जाणं होतंच, तेव्हा डिस्क बदलून घ्यायची. बाहेर जाणाऱ्या डिस्कला मात्र पासवर्ड हवा. विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर बिटलॉकरने ती कुलूपबंद करता येते, होम आवृत्ती असेल तर व्हेराक्रिप्ट हा मोफत प्रोग्राम आहे.

इंटरनेटवरच्या प्रतीबद्दल हिशेब करूनच ठरवा. मोबाइलच्या रोज २ जीबीच्या पॅकवर १०० जीबी चढवायला पन्नास दिवस लागतील. फायबरचं कनेक्शन नसेल तर लग्नाचे व्हिडिओ चढवायचा नाद करू नका. गुगल ड्राइव्हवर १५ जीबी मोफत मिळतात. त्यात हरवलं तर परत मिळणार नाही असं आणि आकाराने लहान तेवढंच ठेवा: टॅलीचा बॅकअप, मुलांच्या गुणपत्रिका, जमिनीचे कागद, निवडक फोटो. विंडोज ११ मध्ये 'विंडोज बॅकअप' नावाचं ॲपही दिसेल. ते काही फोल्डर आणि सेटिंग वनड्राइव्हवर पाठवतं, अख्ख्या मशीनचा बॅकअप घेत नाही.

बाहेरच्या डिस्कसाठी विंडोजमध्येच फाइल हिस्ट्री आहे. कंट्रोल पॅनेलमधून फाइल हिस्ट्री उघडा, डिस्क जोडा, टर्न ऑन करा. डिस्क जोडलेली असेल तोवर ती दर तासाला बदललेल्या फाइली उतरवते आणि जुन्या आवृत्त्याही जपते. मंगळवारी कुणी एक्सेलची फाइल बिघडवली आणि शुक्रवारी लक्षात आलं, तर सोमवारची प्रत परत काढता येते. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरलेल्या फोल्डरांचीच ती नोंद घेते. डीवर तुम्ही वेगळा केलेला फोल्डर तिला दिसत नाही, त्यासाठी तो राइट क्लिक करून लायब्ररीत सामील करावा लागतो.

मोठ्या फाइली आणि स्वतःची फोल्डरची मांडणी असणाऱ्यांना फ्रीफाइलसिंक हा प्रोग्राम जास्त सोयीचा पडेल. डावीकडे डी, उजवीकडे बाहेरची डिस्क. त्यात मिरर आणि अपडेट असे पर्याय आहेत. अपडेट घ्या. मिररमध्ये मशीनवरून चुकून पुसलेली फाइल बॅकअपमधूनही पुसली जाते. स्टुडिओवाल्यांनी तर कॅमेऱ्याच्या कार्डातले फोटो दोन ठिकाणी उतरल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करूच नये. लग्न पुन्हा लागत नाही.

किती वेळा? एक दिवसाचं काम पुन्हा करायला तुम्ही तयार आहात की एका आठवड्याचं, हे स्वतःला विचारा. सेवा केंद्र आणि हिशेबाचं काम असेल तर रोज दुकान बंद करताना. घरच्या मशीनला आठवड्यातून एकदा, आठवड्याच्या बाजाराचा दिवस धरा म्हणजे विसरणार नाही.

बॅकअप झाला की डिस्क इजेक्ट करून काढून ठेवा. कायम जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरने (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) मशीनसोबतच बंद होते आणि विजेचा झटका आला तर तोही तिच्यापर्यंत पोहोचतो. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग आले की चार्जर, यूपीएस आणि इंटरनेटची तार तिन्ही काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. आपल्याकडचा उन्हाळा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा डिस्क गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. फिरत्या तबकडीची डिस्क चालू असताना हलवू नका. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला बॅकअपची डिस्क अजिबात नेऊ नका. तिथल्या मशीनवरचा शॉर्टकट व्हायरस घेऊन ती घरी येईल. त्या कामाला एक स्वस्त पेनड्राइव्ह वेगळा ठेवा.

बॅकअप खरंच उघडतो का

तीन महिन्यांतून एकदा डिस्क दुसऱ्याच्या मशीनला, अर्थात विश्वासातल्या, लावा. वेगवेगळ्या फोल्डरांतल्या चार-सहा फाइली उघडून बघा: एक फोटो, एक व्हिडिओ शेवटपर्यंत, एक एक्सेल. टॅलीचा बॅकअप वेगळ्या फोल्डरात रिस्टोअर करून ताळेबंद जुळतो का पाहा. रिकव्हरीचा पेनड्राइव्हही एकदा चालवून बघावा. मशीन सुरू होताना डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९ दाबलं की पेनड्राइव्ह निवडता येतो. ४८ आकडी कागद जवळ असू द्या. निळा पडदा आला, कीबोर्डची भाषा विचारली, की समजा चालतोय. तिथूनच मशीन बंद करा. 'रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह' दाबू नका, त्याने सगळं पुसून नवी विंडोज बसते.

डिस्क गेलीच तर

जुनी हार्ड डिस्क जाण्याआधी बऱ्याचदा कटकट आवाज करायची, हळू व्हायची. एसएसडी बहुतेक वेळा काहीही न सांगता जाते. सकाळी मशीन सुरू करावं तर डिस्कच सापडत नाही. त्यातून डेटा परत काढणं फार अवघड असतं. पुसलेली फाइलही एसएसडीवरून सहसा परत येत नाही, कारण ट्रिम नावाच्या सोयीने ती जागा लगेच खरीखुरी रिकामी केली जाते. "रिकव्हर करून देतो" म्हणणाऱ्याकडे पैसे देण्याआधी हे लक्षात असू द्या.

तुमच्याकडे प्रतिमा, रिकव्हरीचा पेनड्राइव्ह आणि फाइलींचा बॅकअप असेल तर क्रम असा. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी घ्या, लहान डिस्कवर विंडोजची प्रतिमा बसत नाही. वॉरंटीत असेल तर बिल दाखवून बदलून घ्या, आणि जुनी डिस्क परत देण्याआधी ती कुलूपबंद होती का ते आठवा. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा, बाहेरची डिस्क जोडा, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि तिथून सिस्टिम इमेज रिकव्हरी. मशीन पहिल्या दिवशीच्या अवस्थेत परत येतं. अपडेट होऊ द्या, मग वरच्याप्रमाणे डी पाडा आणि बॅकअपमधल्या फाइली त्यावर उतरवा. उतरवताना कॉपी करा, कट नको. सगळं मशीनवर आलं, उघडून पाहिलं, दोन-चार दिवस काम झालं, की मगच त्या डिस्कवर पुढचा बॅकअप घ्या. एन्क्रिप्शन पुन्हा चालू झालं असेल तर ४८ आकडी की आता नवी असते, फाइलीतला जुना कागद काढून नवा ठेवा.